पूर्वज शोधणं आणि पूर्वज सिद्ध करणं

२ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारने मराठ्यांना निजामकाळच्या नोंदींवरून कुणबी, म्हणजे ओबीसी, दाखला देण्यासाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय काढला आणि मनोज जरांगे पाटलांनी आझाद मैदानावरचं उपोषण सोडलं. त्या आठवड्यात आमच्या न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुरळा उडाला होता. सूर एकच, की जग कुठे चाललंय आणि आपले लोक निजामाच्या दफ्तरात पणजोबा हुडकत बसलेत. असं लिहिणाऱ्यांतल्या एका गृहस्थांनी थोड्याच दिवसांपूर्वी लाळेची नळी कंपनीला पाठवून आपला डीएनए अहवाल मागवला होता आणि त्याची रंगीत चकती याच ग्रुपवर टाकून अभिनंदनं घेतली होती. एक बाई घराण्याचा कुलवृत्तांत पुन्हा छापायचा म्हणून वर्गणी जमवत होत्या. दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर, एकाखाली एक, आणि कुणाला काही खटकलं नाही.

मला खटकलं. पूर्वजांचा दाखला मागितला जाणं म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, ठाण्याची. टेंभी नाक्याजवळचं १८७९ सालचं सिनेगॉग हे आमचं लहानपण. आजी त्याला मशीदच म्हणायची, जुनी पिढी सगळी तसंच म्हणे. वडिलांकडचे रोह्याकडले, आईकडचे पेणचे, आणि आडनाव आमच्यातल्या बहुतेकांसारखं गावाच्या नावाला 'कर' लावून झालेलं. पेशाने फार्मासिस्ट आहे, आणि माझी नोकरी ब्रुकलिनमध्ये, बरो पार्कच्या तेराव्या ॲव्हेन्यूजवळच्या एका औषधाच्या दुकानात.

बरो पार्क ही हसिदी ज्यूंची मोठी वस्ती. काळे लांब कोट, कानशिलावरून लोंबणाऱ्या बटा, बायकांच्या डोक्यावर केसांचा टोप नाहीतर रुमाल, रस्त्यात यिडिश, आणि शुक्रवारी दिवस मावळायच्या आत शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागतोय म्हणून सांगणारा भोंगा. अठराव्या शतकात बाल शेम तोव या साधुपुरुषाभोवती आजच्या युक्रेनच्या मुलखात हा पंथ सुरू झाला. पुढे एकेका रेब्बेभोवती, म्हणजे पंथगुरूभोवती, एकेक गादी झाली आणि प्रत्येक गादीला तिच्या गावाचं नाव पडलं. बोबोव, बेल्झ, सातमार, मुंकाच, विझ्नित्झ. हिटलरच्या काळात त्या गावांतली माणसं मारली गेली. उरलेले इथे आले आणि गावांची नावं घेऊन आले. आमच्या दुकानाच्या आसपास बोबोववाल्यांचा जोर. त्यांचे रेब्बे बेन्झियन हाल्बरस्टाम १९४१ साली ल्वूव शहरात मारले गेले. मुलगा श्लोमो वाचला, न्यूयॉर्कला आला आणि त्याने गादी पुन्हा उभी केली. २००० साली तो वारला.

या लोकांशी माझी ओळख झाली ती गोळ्यांवरून. पेसाखचा सण जवळ आला की दुकानात प्रश्नांची रीघ लागते. या गोळीत गव्हाचा स्टार्च आहे का? ही कॅप्सूल कशाच्या जिलेटिनची? सणाच्या आठ दिवसांत खमीर लागू शकणारं कुठलंही धान्य घरात चालत नाही, औषधाचं काय हे ज्याने त्याने आपल्या रब्बीला, म्हणजे धर्मगुरूला, विचारायचं, आणि रब्बीला विचारण्याआधी त्यात नेमकं काय आहे हे मला विचारायचं. उत्तरं मी नीट देते, कारण हे प्रश्न मला परके नाहीत. काउंटरपलीकडच्यांना सुरुवातीला याचंच नवल वाटायचं. "तुम्ही कुठल्या?" "मुंबईकडची." आणि मग ठरलेला शब्द येतो, नरिमन हाऊस. २००८ च्या हल्ल्यात तिथे मारले गेलेले गॅव्रिएल होल्त्झबर्ग ब्रुकलिनच्याच क्राउन हाइट्समध्ये वाढले होते. ते खबाद या दुसऱ्या हसिदी पंथाचे, बोबोवशी त्यांचा तसा काही संबंध नाही, पण त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला बाहेर काढणाऱ्या त्याच्या आयेचं, सँड्रा सॅम्युएलचं, नाव इथे हसिदी घराघरांत माहीत आहे. त्यानंतर मी म्हणते, की मीही ज्यूच. मग जरा वेळ कुणी बोलत नाही. भारतात ज्यू? आणि या रंगाचे?

ऐंशीच्या घरातले एक आजोबा दर महिन्याला रक्तदाबाची औषधं न्यायला येतात. त्यांचं घराणं पश्चिम गॅलिशियातलं. तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडे होता, आज पोलंडमध्ये आहे. त्यांच्या घरात इंटरनेट नाही, फोन नुसता बोलण्यापुरता. एकदा त्यांनी मला चिठ्ठी दिली. त्यावर त्यांच्या आजोबांचं नाव, गाव आणि अंदाजे साल. "तुमच्या त्या यंत्रात बघता का?"

बघितलं. पोलंडमधल्या ज्यूंच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांची सूची जगभरच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून केली आहे. शिवाय जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकाच्या यादीत हिटलरच्या हत्याकांडात गेलेल्यांची सुमारे ५० लाख नावं आहेत. मॅनहॅटनला सोळाव्या रस्त्यावर सेंटर फॉर ज्युइश हिस्टरीमध्ये कुणीही जाऊन घराण्याचा शोध कसा घ्यायचा ते विचारू शकतो. या विषयात ज्यूंइतकी शिस्त मी दुसरीकडे पाहिली नाही, आणि त्याला कारणही आहे. ज्यांचं अख्खं गाव गेलं त्यांना नाव तरी हवं असतं.

नोंद सापडली. छापून दुकानात ठेवली. आजोबा आले, चष्मा बदलला, काउंटरवर कागद पसरला आणि एकेका रकान्यावरून बोट फिरवत गेले. एका रकान्यात बोट थांबलं. आजोबांचे आजोबा कागदावर अनौरस होते. बापाचं नाव नाही, आडनाव आईचं.

मला याची कल्पना होती, कारण गॅलिशियातल्या ज्यूंच्या नोंदींत हे सर्रास दिसतं. लग्न रब्बी लावायचा, छताखाली, दहा माणसांसमोर. सरकारदरबारी वेगळी नोंद करायची तर खर्च, परवानग्या, हेलपाटे. बहुतेक जण त्या भानगडीत पडतच नसत. सरकारच्या लेखी मग ते लग्नच नव्हतं, आणि मुलं कारकुनाच्या वहीत आईच्या नावावर चढली. आडनावाचीही तीच कथा. १७८७ साली सम्राट योसेफ दुसरा याने हुकूम काढला की ज्यूंनी कायमची जर्मन आडनावं घ्यावीत. तोवर अमक्याचा मुलगा तमका एवढ्यावर भागत होतं. आज बरो पार्कच्या पाट्यांवर दिसणारी वजनदार आडनावं त्या हुकमातून आली.

हे सगळं मी आजोबांना सांगितलं. वाईट वाटेल अशी धास्ती होती. ते हसायला लागले. म्हणाले, "लग्न झालंच होतं. सम्राट फ्रान्झ योझेफला आमंत्रण नव्हतं, एवढंच." मग गंभीर होऊन म्हणाले, वडिलांच्या एका चुलतभावाचं आडनाव वेगळं का, हे कोडं त्यांना लहानपणापासून होतं, ते आज सुटलं. कागदाची घडी कोटाच्या आतल्या खिशात गेली.

सरकारी वहीत घराण्याला अनौरस म्हटलेलं असताना या माणसाच्या चेहऱ्यावर ओरखडाही नव्हता, कारण त्याच्या समाजात त्या वहीला काही किंमतच नाही. कुणाचं लग्न झालं आणि कोण कुणाचा, हे त्यांच्यात सगळ्यांना तोंडपाठ असतं.

मग त्यांनी माझी चौकशी केली. नोंदी कुठे आहेत तुमच्या?

मी सांगितलं, नाहीत. आमच्याकडे गोष्ट आहे. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं, त्या जागा आजही दाखवतात. वाचलेल्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. ते कोकणात तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. (किनाऱ्यावर वाहून आलेल्या चौदा जणांची गोष्ट चित्पावनांतही सांगतात. कोकणात समुद्राने बरेच पूर्वज पुरवले आहेत. कुलवृत्तांतवाल्या बाईंना हे अजून सांगायचं आहे.) कागदाचं म्हणाल तर १७६८ साली कोचीनच्या एझेकिएल रहाबीने हॉलंडला पाठवलेल्या पत्रात आमचा उल्लेख येतो, की मराठ्यांच्या मुलखात तेलाचा धंदा करणारे, शनिवार पाळणारे आणि 'शमा'ची प्रार्थना तेवढी येणारे काही लोक आहेत. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ चं, कंपनीच्या फौजेतल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं. मांडवीत ते अजून आहे. त्याच्या मागची जवळजवळ दोन हजार वर्षं नुसती तोंडी.

आजोबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमची आजी शुक्रवारी संध्याकाळी काय करायची?"

काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात. भिजवलेल्या मनुका कुस्करून गाळलेलं सरबत, कारण द्राक्षाची दारू आणायची कुठून? किद्दुश, म्हणजे शब्बाथची पेल्यावरची प्रार्थना, त्याच सरबतावर. मटणाला दूध-दही लावायचं नाही, म्हणून रस्सा नारळाच्या दुधातला. पापलेट, सुरमई चालेल, खवले नसलेलं काही नाही. कोळंबी-खेकड्याला घरात थारा नाही. अलिबाग-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहून कोळंबी न खाणं म्हणजे काय चीज आहे, हे मला त्यांना जरा समजावून सांगावं लागलं. ते कळल्यावर मात्र ते म्हणाले, "मग पुरे."

आणि जाता जाता, अगदी सरळ आवाजात: "माझ्या नातवाचं तुमच्या मुलीशी ठरवायचं असतं, तर मात्र मी रब्बीला विचारलं असतं."

मला राग आला नाही. शेजारी म्हणून त्यांना आजीचा दिवा पुरला, सोयरीक म्हटल्यावर कागदाची आठवण झाली. त्यांच्यात सोयरीक म्हणजे घराण्याची चार पिढ्यांची चौकशी, कुठल्या गादीचे, कुणाचे पणतू. नव्वदीपर्यंतच्या मराठी स्थळांच्या जाहिराती आठवल्या तर हे आपल्याला नवीन वाटू नये. नव्वदीनंतरच्याही आठवून बघा.

पण हाच प्रश्न आजोबांऐवजी सरकारी शिक्का हातात असलेला माणूस विचारतो तेव्हा काय होतं, तेही आमच्या घराने बघितलंय. १९४८ नंतर आमच्यातले हजारो इस्राएलला गेले. माझी आत्या बीरशेबाला होती. १९६२ साली तिथले मुख्य रब्बी यित्झाक निसीम यांनी सूचना काढली की बेने इस्राएल मुलामुलीचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्या शक्य तितक्या मागे जाऊन तपासाव्यात. कुठल्या पिढीत धर्माबाहेरची बाई तर नव्हती ना, जुन्या काडीमोडांची पद्धत शास्त्राला धरून होती ना. रोह्या-पेणच्या तेल्यांनी अठराव्या शतकातला घटस्फोटाचा कागद कुठून आणायचा? जो नव्हताच तो हरवलाही नव्हता.

आमच्या लोकांनी कागद शोधले नाहीत. त्यांनी धरणं धरलं. १९६४ च्या उन्हाळ्यात शेकडो बेने इस्राएल जेरुसलेममध्ये ज्युइश एजन्सीच्या इमारतीसमोर बसले. आत्या त्यात होती. ती डबे, मुलं आणि मराठी भांडणं यांच्या आठवणी रंगवून सांगे. ऑगस्टमध्ये क्नेसेटची, म्हणजे इस्राएलच्या संसदेची, खास बैठक बोलवावी लागली. बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पुरे ज्यू आहेत, असं तिथे ठरलं, आणि महिनाअखेरीला रब्बिनेटने, म्हणजे मुख्य रब्बींच्या कचेरीने, सूचनेतून आमचं नाव काढलं. त्या सबंध प्रकरणात नवा असा एकही पूर्वज सापडला नव्हता. दोन वर्षांपूर्वी जेवढा पुरावा होता तेवढाच होता. बदलला तो विचारणाऱ्याचा हट्ट, आणि तोही आपण होऊन बदलला नाही.

यात आम्ही अगदी धुतल्या तांदळासारखे होतो असं समजू नका. १८३६ साली मुंबईच्या बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या, ज्यूंनी दफनभूमीत आमच्या आणि त्यांच्या कबरींमध्ये भिंत मागितली, ही गोष्ट आमच्यात अजून चिडून सांगतात. पण त्याच काळात आमच्यातच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल होते, आणि ते मात्र हळू आवाजात सांगतात. आई धर्माबाहेरची असलेल्यांची संतती ती काळी. त्यांच्याशी रोटीबेटी नाही, सिनेगॉगमध्ये त्यांचा मान मागून. जेरुसलेमने आम्हाला जे विचारलं तेच आम्ही शंभर वर्षं आपल्याच माणसांना विचारत होतो. हसिदींचंही तेच. इस्राएलमध्ये इमानुएल नावाच्या वसाहतीत स्लोनिम पंथाच्या पालकांनी आपल्या मुली सेफार्दी, म्हणजे अरब देशांकडून आलेल्या ज्यू घरांतल्या, मुलींपासून वेगळ्या बसवल्या, सुप्रीम कोर्टाने मनाई केली तरी ऐकलं नाहीत, आणि २०१० साली त्यांतले कित्येक बाप हसत-गात तुरुंगात गेले. दोन्हीकडच्या मुली ज्यूच, शाळाही धार्मिकच.

डीएनएने तरी प्रश्न सुटेल, असं वाटणाऱ्यांसाठी ही पुढची गंमत. २०१६ मध्ये आमच्या समाजाचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की बेने इस्राएलांत मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा अंशही आहे आणि स्थानिक भारतीय अंशही, आणि मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं. नातेवाइकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पण अहवाल पुढे सांगतो की ज्यू अंश मुख्यतः बापाकडून आणि भारतीय अंश मुख्यतः आईकडून आलेला दिसतो. ज्यू धर्मशास्त्रात मूल कुणाचं हे आईवरून ठरतं. म्हणजे विज्ञानाने आमची बाजू घेतली आणि रब्बींच्या हिशेबाने नेमकी चुकीच्या बाजूने घेतली. प्रयोगशाळा रक्त सांगते. ते रक्त कशासाठी मोजायचं, हे आधीच दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं.

आता परत महाराष्ट्रात येते. ग्रुपवरची थट्टा मला ज्यासाठी झोंबली ते इथे आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये अंतरवाली सराटीला उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि त्यानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. मोडी वाचणारे शोधून आणले, महसुलाची, शाळांची, तुरुंगाची, जन्म-मृत्यूची दफ्तरं उघडली, पन्नास लाखांहून जास्त कुणबी नोंदी निघाल्या. आंदोलन सुरू झालं ते शेतीवर भागत नाही, पोरांना नोकरी नाही, फी परवडत नाही म्हणून. ही सगळी आजची दुःखं. उत्तर काय मिळालं? पणजोबा दाखवा. ते सापडले तर तुमच्या दुःखाला दाखला, नाही तर सगेसोयऱ्यांचं प्रतिज्ञापत्र, गावपातळीवरची समिती, १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासूनच्या वास्तव्याचा पुरावा. एकाच गावात, एकाच बांधाला लागून असलेल्या दोघांपैकी एकाच्या पणज्याला कारकुनाने कुणबी लिहिलं, दुसऱ्याच्या पणज्याला मराठा, आणि आज एकाच्या मुलाला प्रवेश मिळतो, दुसऱ्याच्या नाही. त्या कारकुनाच्या डोक्यात आरक्षण नव्हतं. गॅलिशियातल्या कारकुनाच्या डोक्यातही आजोबांच्या घराण्याची अब्रू नव्हती. त्याने रकाना भरला आणि वही बंद केली.

जेरुसलेमला लोक रस्त्यावर बसले आणि पुराव्याची अट गेली. आझाद मैदानात लोक बसले आणि पुराव्याचा शोध जोरात सुरू झाला. हा फरक आंदोलकांच्या शहाणपणातला नाही. इस्राएलमध्ये आमची मागणी आम्हाला तपासू नका एवढीच होती, त्यात दुसऱ्या कुणाचं काही कमी होणार नव्हतं. आपल्याकडे ताट ठरलेलं आहे, ओबीसींचं म्हणणं असं की वाढपी तोच, भांडं तेवढंच आणि पंगतीला माणसं वाढवताय. हे म्हणणं खोटं नाही. अठरा-पगड जातींतल्या लहान समाजांनी शिंपी, न्हावी, कुंभार म्हणून कित्येक दशकं वाट बघून जे थोडं मिळवलं, ते नोंदींच्या पुरात वाहून जाईल ही भीती ब्रुकलिनमध्ये बसून हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

तरी थट्टा करणाऱ्यांना माझं म्हणणं असं, की तुम्ही आणि मी जे करतो तो शोध आहे, आणि मराठवाड्यातला शेतकरी करतो ती पडताळणी. मला नवगावच्या गलबताची गोष्ट खरी ठरली नाही तरी महिन्याचा पगार मिळतो. आजोबांची नोंद सापडली नसती तरी त्यांची गोळी त्यांना मिळाली असती. आमच्या शोधात चूक परवडते. मोडी न वाचता येणारा, तहसीलच्या झेरॉक्सवाल्याकडे रांगेत उभा असलेला, जात पडताळणीच्या तारखेसाठी मजुरी बुडवणारा माणूस आणि डीएनएची चकती मिरवणारा माणूस हे दोघेही वंशावळ काढतात, पण पहिल्याला ती काढावी लागते. अमेरिकेत आल्यावर आपल्याला कुणी जातीचा दाखला विचारत नाही, हा मोठेपणा आपला नाही. ज्या आजोबा-पणजोबांमुळे शिक्षण, घर, इंग्रजी आयतं मिळालं, त्यांची कुंडली कुठल्याच खिडकीवर दाखवावी लागली नाही, कारण ती न दाखवताच चालत होती.

आणि कागद म्हणजे जादू आहे, असं मानणाऱ्या राजकारण्यांनाही हेच. आसामात २०१९ च्या नागरिक नोंदणीतून १९ लाख माणसं बाहेर राहिली. त्यांत पूर्वज नसलेलं कुणी नव्हतं. कुणाचं स्पेलिंग जुळलं नाही, कुणाचा कागद पुरात गेला. आमच्या समाजाला २०१६ साली महाराष्ट्र सरकारने अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा ठाण्यातल्या माझ्या चुलतभावाचा पहिला प्रश्न होता, "आता आपण ज्यू आहोत हे कुठल्या कागदाने दाखवायचं?" २०११ च्या जनगणनेत सबंध देशात जेमतेम साडेचार हजारांवर ज्यू उरले होते. एवढ्याशा लोकांतसुद्धा पहिली आठवण झेरॉक्सची.

माझं मत विचाराल तर सरळ आहे. ज्याची नोंद निघाली त्याला कायद्याने मिळायचं ते मिळू दे, त्यावर आता वाद घालण्यात अर्थ नाही. पण कोण मागे राहिलंय हे पणजोबांवरून ठरवायचं थांबवा आणि आज जिवंत असलेल्यांना मोजा. किती जमीन, किती शिक्षण, किती पगार, कुठल्या जातीत. केंद्राने २०२७ च्या जनगणनेत जात मोजायचं ठरवलं आहे. त्यातून काय बाहेर येईल याची धास्ती मराठ्यांनाही आहे, ओबीसींनाही आहे आणि कुलवृत्तांतवाल्यांना तर सगळ्यात जास्त असायला हवी. तो आकडा समोर आल्यावर ताट केवढं करायचं याचं भांडण उघडपणे करावं लागेल, मोडी वाचकांच्या आडून करता येणार नाही.

आजोबांना आता आईकडचा शोध हवा आहे. ती बाजू आजच्या रुमानियातली, म्हणजे वेगळी दफ्तरं, वेगळी भाषा, आणि तिथेही कुणाचं तरी लग्न नोंदवायचं राहिलेलं असणार. सवडीने करेन, त्यांनाही घाई नाही.

ग्रुपवर मी शेवटी एवढंच विचारलं, की तुमच्या मुलाच्या कॉलेजच्या अर्जाला कुलवृत्तांत जोडणं सक्तीचं असतं, त्यातल्या एका पिढीचं पान गहाळ असतं आणि तेवढ्यावरून प्रवेश नाकारला असता, तर तुम्ही काय केलं असतं? दोघांनी अंगठा दाखवला. डीएनएवाल्या गृहस्थांनी लिहिलं की ती तुलना बरोबर नाही, कारण त्यांच्या घराण्याची सगळी पानं आहेत. मग कुणीतरी दिवाळीच्या हॉलच्या बुकिंगचा विषय काढला.